पंचवीस टन दगड, एक ट्रॅक्टर आणि आपली पाठ

आपल्यापैकी ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बोस्टनच्या पश्चिमेकडच्या गावांत घरे घेतली, त्यांची घरे आता उतारवयाला लागली आहेत. छप्पर, फर्नेस, खिडक्या यांचा खर्च आपण मनात धरून असतो. अंगणातल्या भिंतीचा विचार मात्र कोणी करत नाही. उतारावरची माती अडवायला बिल्डरने रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची भिंत घातलेली असते. पंचवीस-तीस हिवाळे खाऊन ते लाकूड आतून कुजते, भिंतीचे पोट सुटते आणि एखाद्या वसंतात बर्फ वितळल्यावर ती पुढे झुकलेली दिसते. आमच्याकडे हे २०२४ च्या मार्चमध्ये झाले. चाळीस फूट लांब आणि तीन फूट उंच अशी ती भिंत मागच्या पॅशिओवर कलली, आणि त्याच पॅशिओवर सुट्टीत आमची नातवंडे खेळतात. त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्याची सोय उरली नाही.

लाकडाऐवजी आता दगडाची भिंत घालायची, एवढे आम्ही ठरवले. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. तिथे चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या गडग्यांशेजारीच आम्ही वाढलो. न्यू इंग्लंडच्या रानात जागोजाग दिसणाऱ्या जुन्या दगडी भिंती हे त्याच जातीचे काम. जमिनीतून निघालेला दगड शेताच्या कडेला रचायचा, ही युक्ती दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना आपापली सुचलेली दिसते.

तीन ठिकाणांहून भाव मागवले. पहिला २६,५०० डॉलर, दुसरा ३१,०००, तिसरा १४,०००. तिसऱ्याचा आकडा बघून ह्यांचे डोळे चमकले. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या सांभाळल्या. त्या सवयीने मी त्या कंत्राटदाराकडे विम्याचे सर्टिफिकेट मागितले, त्यात कामगारांचा वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा विमा आहे का तेही विचारले. नंतर त्याचा फोन आला नाही. वाचकहो, ही चौकशी संकोच न करता करत जा. बिनविम्याच्या माणसाच्या पायावर आपल्या अंगणात दगड पडला, तर त्याच्या इस्पितळाचे बिल आणि बुडालेला पगार यांचा दावा आपल्या घरावर येऊ शकतो. सर्टिफिकेट कंत्राटदाराच्या हातून घेण्यापेक्षा त्याच्या विमा एजंटकडून थेट आपल्या नावाने मागवावे. त्यावर मुदत संपल्याची तारीख असते, ती वाचावी.

मग ह्यांनी जाहीर केले की भिंत आपणच घालू. हातगाडी आहे, पहार आहे, मुलगा शनिवार-रविवार येईल. आता ह्यांची प्रकृती सांगते. वय ६४. नोव्हेंबर २०२३ मध्ये छातीत दुखल्यामुळे एक स्टेंट बसला आहे. त्यानंतर वर्षभर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या. अशा माणसाने दगड उचलायचा म्हटल्यावर बायकोने काय करावे? भांडून उपयोग नसतो, हे पस्तीस वर्षांच्या संसाराने शिकवले आहे. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

भिंतीची लांबी ४० फूट. उंची तीन फूट, अधिक जमिनीत पुरायचा अर्धा फूट, म्हणजे साडेतीन. जाडी सरासरी पावणेदोन फूट. गुणाकार २४५ घनफूट येतो. बिनचुन्याच्या रचाईत साधारण चौथा हिस्सा पोकळी धरली, तर भरीव दगड १८४ घनफूट होतो. ग्रॅनाइटच्या जातीच्या दगडाचे वजन घनफुटाला १६०-१७० पौंड असते, म्हणजे एवढ्याचे झाले सुमारे १५ टन. (इकडचा टन २,००० पौंडांचा.) पायाखाली सहा इंच खडी आणि भिंतीमागे पाण्याच्या निचऱ्यासाठी फूटभर खडी. खडी घनयार्डाला साधारण १.४ टन भरते, ती झाली नऊ टन. वर एक टन जास्तीचा दगड, कारण गवंड्याला निवडायला वाव हवा. एकूण २५ टन, म्हणजे ५०,००० पौंड.

आता हातगाडी. उतारावर सांभाळता येईल असे एका खेपेचे वजन १५० पौंड धरले, तर ३३३ खेपा. ट्रक मागच्या अंगणात येऊ शकत नव्हता, कारण वाटेत सेप्टिकचे लीच फील्ड आहे आणि त्यावरून जड वाहन गेले की खालचे पाइप चेपतात. म्हणजे माल रस्त्याकडेला पडणार आणि तिथून अडीचशे फूट खाली न्यायचा. जाऊन-येऊन पाचशे फूट, गुणिले ३३३. एकतीस मैलांच्या वर चाल, त्यातली निम्मी भरल्या गाडीने. कागद ह्यांच्यापुढे ठेवला. बराच वेळ बघून हे म्हणाले, "मग यंत्र लागेल."

हृदयाचा भाग थोडा सविस्तर लिहिते, कारण आपल्या मंडळातल्या किती घरांत स्टेंट आणि बायपास आहेत ते आपण जाणतो. दक्षिण आशियाई वंश हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात सरळ नोंदला आहे. त्यात आपली पिढी खुर्चीवर बसून काम केलेली. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात हार्ट ॲटॅक येण्याची शक्यता किती वाढते, हे त्यात मोजले होते. आठवड्यातून एकदाही नेमाने व्यायाम न करणाऱ्यांत ती शंभरपटीहून अधिक वाढली, आणि आठवड्यात पाच किंवा जास्त दिवस व्यायाम करणाऱ्यांत सुमारे अडीचपट. एका विशिष्ट तासात ॲटॅक येण्याची शक्यता मुळात फार लहान असते, त्यामुळे शंभरपट ऐकून कोणी गर्भगळीत होऊ नये. पण वर्षभर हालचाल नाही आणि एका शनिवारी एकदम दगड उपसायचे, हा प्रकार हृदयाला सर्वांत महाग पडतो, हे त्यातून दिसते.

दगड उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो आणि ताकद लावतो. त्या क्षणी रक्तदाब झपकन चढतो. चालण्याच्या व्यायामात असे होत नाही, म्हणून "मी रोज दोन मैल चालतो, मला काय होणार" हे उत्तर इथे पुरेसे नाही. आम्ही उन्हाळ्यात हृदयतज्ज्ञांकडे गेलो आणि "हलके काम चालेल का?" असे मोघम न विचारता नेमके विचारले. किती पौंड, दिवसातून किती वेळा, थंडीत का उन्हात. त्यांनी स्ट्रेस टेस्ट केली आणि मग सांगितले: २५ पौंडांपर्यंत चालेल, पहारीने रेटणे नाही, चालणे हवे तितके. गोळ्यांमुळे साध्या खरचटण्याचेही रक्त लवकर थांबत नाही आणि बोट चेंगरले तर आत रक्त साकळते, तेव्हा दगडाशी हात नको, असेही बजावले.

निरोगी माणसालाही मर्यादा असतेच. इथल्या कामगार-आरोग्य संस्थेने, म्हणजे नायोशने, १९९१ साली उचलण्याचे सूत्र सुधारले. त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगाशी, कमरेच्या उंचीवर, पीळ न देता आणि क्वचितच उचलायचे असताना, शिफारस ५१ पौंडांची आहे. जमिनीवरून, हात लांब करून, अंग वळवून उचलले की आकडा भराभर खाली येतो. भिंतीचा एक बरा दगड ४० ते ८० पौंडांचा असतो. दोन फूट व्यासाचा गोल धोंडा जवळजवळ ७०० पौंड भरतो आणि तीन फुटांचा २,३०० च्या पुढे. व्यास दीडपट झाला की वजन सव्वातीनपटीहून जास्त होते, हे डोळ्यांना कळत नाही आणि म्हणूनच पाठी मोडतात. माझ्या डेक्सा तपासणीत हाडे थोडी विरळ निघाली आहेत. अशा बाईने वाकून, पीळ देऊन वजन उचलणे म्हणजे मणक्याला आमंत्रण. तेव्हा नियम केला: दगड कोणीही उचलायचा नाही. तो पालथा-उताणा करत ट्रॅक्टरच्या जमिनीला टेकवलेल्या बकेटमध्ये लोटायचा, बकेटने ट्रेलरमध्ये ओतायचा.

कामाची वाटणीही कागदावर झाली. भिंत रचणे हे कसबाचे काम, ते विमा असलेल्या गवंड्याला दिले. माल वाहणे हे निव्वळ वजनाचे काम, ते यंत्राने आपण करायचे. कंत्राटदारांच्या भावात या वाहतुकीचा हिस्सा बराच मोठा होता, आणि तो कोणी वेगळा दाखवत नाही. विचारल्यावर मात्र सांगतात.

ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा की विकत, यावर आमच्या घरी दोन आठवडे चर्चा चालली. शोरूममध्ये शून्य टक्के व्याजाची पाटी लावलेली असते. तिच्याखालचे बारीक अक्षर वाचावे. समजा, ट्रॅक्टर २०,००० चा आहे, शून्य टक्क्याने साठ हप्ते, आणि रोख घेतल्यास १,५०० सूट. याचा अर्थ वस्तूची खरी किंमत १८,५०० आहे आणि हप्त्यांवर घेणारा वर्षाला सुमारे तीन टक्के व्याज भरतो आहे. तीन टक्के काही वाईट नव्हे, पण शून्य तर नव्हेच. एका भिंतीसाठी ट्रॅक्टर विकत घेऊन पुढे तो गराजमध्ये उभा करायचा, त्याची बॅटरी, तेल, विमा बघायचा, हे मला पटेना. दहा एकर जागा असती तर वेगळे म्हटले असते. आठवड्याच्या भाड्याने ट्रॅक्टर १,१५० डॉलरला आणि त्यामागे जोडायचा छोटा हायड्रॉलिक डंप ट्रेलर ३०० डॉलरला मिळाला. भाड्याच्या करारातले नुकसानभरपाईचे कलम वाचले आणि घराच्या विम्याच्या एजंटला फोन करून भाड्याचे यंत्र आपल्या पॉलिसीत बसते का, ते लेखी मागून घेतले.

चालवायचा कोणी? ह्यांच्या गोळ्या चालू, मुलगा दोनच दिवस येणार. म्हणून बासष्टाव्या वर्षी मी ट्रॅक्टरवर बसले. शेजारणी गाडी थांबवून बघत होत्या. हे मुकादम झाले. टोपी घालून, हातात काठी घेऊन खुणा करण्याचे काम ह्यांना इतके मानवले की संध्याकाळी घरातही खुणा चालू असत.

ट्रॅक्टर दिसायला खेळण्यासारखा असला तरी माणूस मारण्याइतका जड असतो. इथल्या शेतीत सर्वांत जास्त मृत्यू ट्रॅक्टर उलटून होतात. त्यावर उपाय साधा आहे: सीटमागची लोखंडी कमान उभी ठेवायची आणि पट्टा लावायचा. दोन्ही मिळून उलटण्यातला मृत्यू किंवा गंभीर इजा ९९ टक्के टळते. १९८५ पासून इथल्या उत्पादकांनी २० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांवर ही कमान बसवायला सुरुवात केली. तेव्हा कोणी "माझ्याकडे जुना मजबूत ट्रॅक्टर आहे, घेऊन जा" म्हणाले, तर आधी कमान आहे का ते बघा. कमान खाली दुमडलेली असेल तर मात्र पट्टा लावू नये. पट्ट्याने बांधलेला माणूस मग ट्रॅक्टरखालीच राहतो.

ट्रेलर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडायचा. वर कुठे साखळी अडकवून ओढले, की मागची चाके जमिनीला धरून राहतात आणि ट्रॅक्टरचे नाक वर उठून तो मागे उलटतो. दीडेक सेकंदात हे होते, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पुढच्या बकेटमध्ये वजन घेतले की मागची चाके हलकी होतात, म्हणून मागे तोलासाठी वजन हवे, आणि भरलेली बकेट जमिनीपासून फूटभरच उंच ठेवून चालायचे.

ट्रेलर भरण्याची रीत मला कोणी शिकवावी लागली नाही. मामाच्या बैलगाडीत भाताचे भारे चढताना आजोबा ओरडत, "गाडी उलार होतेय, पुढे घ्या!" ओझे मागे गेले की धूर वर उचलते आणि बैलांच्या मानेवरचे जू वर ओढले जाते. ट्रेलरचेही तंतोतंत तसेच आहे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडावर पडला पाहिजे, म्हणून जड दगड आसाच्या किंचित पुढे ठेवायचे. या लहान ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. गाडी उलार झाली की तीच चाके हलकी होतात, आणि ब्रेक दाबूनही यंत्र थांबत नाही. फोर-व्हील ड्राइव्ह चालू ठेवला तर पुढची चाकेही रोध करतात, म्हणून उतारावर तो कधी बंद करायचा नाही आणि गियर नेहमी सर्वांत हळूचा.

ट्रेलरवर ३,००० पौंड असे लिहिले होते. हे ते बोट ठेवून मला दाखवत. पण तो आकडा ट्रेलरच्या पत्र्याचा आणि आसाचा. त्याला स्वतःचे ब्रेक नव्हते, म्हणजे सगळे थांबवायचे ते २,२०० पौंडांच्या ट्रॅक्टरने. मागचे ओझे पुढच्यापेक्षा जड झाले की उतारावर कोण कोणाला नेतो, हा प्रश्नच उरत नाही. मी १,५०० वर थांबले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे प्रत्यंतर आले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, रात्री दव पडलेले, त्यावर ओकची पाने. आमचा उतार दहा फुटांना सव्वा फूट एवढाच. भरला ट्रेलर मागे घेऊन मी खाली येत होते. गियर हळू, चारही चाके जोडलेली. मध्यावर चाके फिरायची थांबली, पण ट्रॅक्टर चालूच राहिला. मागून ट्रेलर रेटतो आहे, हे पाठीत कळत होते. मी बकेट जमिनीवर दाबली, ती गवतात रुतली आणि दोनेक फूट घसरून सगळे थांबले. एवढ्यात बघते तो हे एक दगड उचलून चाकाखाली घालायला समोरून धावत येत आहेत! अकरा महिन्यांपूर्वी स्टेंट बसलेला माणूस, हातात दगड, आणि वरून दोन टनांचे धूड. "अहो, मागे व्हा!" असे मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असेन. मुकादम जागच्या जागी थांबले.

घसरणारे यंत्र माणसाच्या हाताने थांबत नाही. पण आपले माणूस वर बसलेले दिसले की पाय आपोआप धावतात, आणि अपघातांत बाहेरचा माणूस सापडतो तो असा. यंत्र चालू असताना बाहेरच्याने उताराच्या वरच्या बाजूला उभे राहायचे. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून जेवढी लांबी, त्याच्या दुप्पट अंतर ठेवायचे. त्या दिवशी आम्ही चहा घेतला, फारसे बोललो नाही. दुपारी ऊन आल्यावर वाटेवरची पाने झाडून काढली आणि खेप १,००० पौंडांवर आणली. चौतीस खेपांच्या जागी त्रेचाळीस झाल्या. भाडे आठवड्याचे होते, त्यामुळे जास्तीच्या नऊ खेपांना डिझेलशिवाय काही पडले नाही.

ट्रेलर उपडा करताना जमीन आडवी सपाट हवी. पेटी वर गेली की वजन उंच जाते, आणि एका बाजूला थोडा जरी कल असला तरी ट्रेलर आडवा होतो. वर विजेच्या तारा नाहीत ना, ते बघायचे. ओली खडी पेटीला चिकटून राहते आणि मग एकदम सुटते. ती सोडवायला कोणी उचललेल्या पेटीखाली डोके घालू नये. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर पेटी सूचना देऊन खाली येत नाही. खाली आधाराचा लोखंडी दांडा लावल्याशिवाय हात नाही, हा नियम मुलालाही मान्य करायला लावला.

धुळीचे दोन शब्द. ग्रॅनाइट, वालुकाश्म, ब्लूस्टोन यांत सिलिका असते. दगड कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसली की ती निघत नाही, आणि वर्षानुवर्षे घेतली तर सिलिकोसिस होतो. आपण लहानपणी पाटीवर ज्या पेन्सिलींनी लिहिले, त्या बनवणाऱ्या मंदसौरच्या कामगारांत हा रोग फार आढळला होता. इथे २०१६ च्या ओशाच्या नियमाने कामाच्या जागी हवेतल्या अशा सिलिकेची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरवली. दोन-चार दिवसांच्या घरकामाने कोणाला सिलिकोसिस होत नाही, पण दमेकऱ्याला त्रास होतोच. आम्ही खडीच्या ढिगावर आधी पाणी मारत होतो, तोंडावर एन-९५ मास्क होता. गवंड्याला दगड ओला ठेवूनच कापायला सांगितले होते, आणि तोही तसेच कापणारा निघाला.

टिक्सकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. लाइम रोगाला नाव मिळाले ते आपल्या शेजारच्या कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून, १९७० च्या दशकात. जुन्या दगडांच्या फटीत उंदीर राहतात, पालापाचोळ्यात टिक्स, आणि मोठ्या टिक्स ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही चावतात. रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यांची मागची बाजू, केसांची कड बघावी. घट्ट चिकटलेली टिक निघाली तर बारीक चिमट्याने सरळ ओढून काढावी आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारावे. काही वेळा प्रतिबंधक गोळीचा एकच डोस देतात. धनुर्वाताचे इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचे असते. आमच्या दोघांचेही उलटून गेले होते, ते सप्टेंबरमध्येच घेतले.

खणण्याआधी ८११ ला फोन करायचा. २००७ पासून हा क्रमांक देशभर आहे, पैसे पडत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून ७२ तास आधी कळवावे लागते. ते येऊन गॅस आणि विजेच्या खुणा रंगवून जातात. पण घराच्या आतल्या बाजूच्या खाजगी वायरी, लॉनच्या फवाऱ्यांचे पाइप आणि सेप्टिक ते दाखवत नाहीत. सेप्टिकचा नकाशा गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थकडे मिळतो. चार फुटांपेक्षा उंच भिंतीला बहुतेक गावांत परवाना लागतो, आणि ओढा किंवा दलदल शंभर फुटांच्या आत असेल तर काँझर्व्हेशन कमिशनला आधी विचारावे लागते. जुने स्लीपर जाळू नयेत. त्यांत क्रिओसोट असते, त्याचा धूर विषारी. ते वजनावर पैसे भरून टाकावे लागतात.

आता जमाखर्च. भिंतीचा दगड १६ टन, ३८० डॉलर भावाने ६,०८०. खडी नऊ टन, पोचवण्यासकट ७२०. ट्रॅक्टर आणि ट्रेलर १,४५०. गवंडी आणि त्याचा जोडीदार, नऊ दिवस, ७,८००. स्लीपरांची विल्हेवाट ४५०. पाइप आणि कापड २६०. एकूण १६,७६०. पहिल्या भावापेक्षा ९,७४० कमी. आम्ही तिघांनी मिळून सुमारे ९५ तास काम केले, म्हणजे तासाला शंभर डॉलरच्या थोडे वर, आणि वाचवलेल्या डॉलरवर इन्कम टॅक्स नाही. पण दुसरी बाजूही लिहिते. आमच्या आरोग्यविम्यात वर्षाला ७,००० डॉलरपर्यंत आमच्या खिशातून जाऊ शकतात. एक रात्र इस्पितळात गेली असती तर बचतीतले फार तर अडीच-तीन हजार उरले असते. डॉक्टरांनी नाही म्हटले असते, तर मी २६,५०० चा चेक लिहिला असता आणि त्याचे वाईट वाटून घेतले नसते.

सगळ्या पावत्या एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांत ठेवल्या आहेत. आयआरएसच्या ५२३ क्रमांकाच्या पुस्तिकेत रिटेनिंग वॉल ही घरातली सुधारणा म्हणून धरली आहे. तिचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो, आणि घर विकताना करपात्र नफा तेवढा कमी होतो. १९९७ च्या कायद्याने राहत्या घराच्या नफ्यातले एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलर करमुक्त असतात, पण तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरांचे इथले आजचे भाव बघता तेवढी मर्यादा ओलांडणारे आपल्यात बरेच निघतील. माल आणि मजुरी मिळवता येते. आपल्या स्वतःच्या श्रमाची किंमत मात्र मिळवता येत नाही. ह्यांनी मुकादमगिरीचे बिल माझ्याकडे दिले आहे, ते त्या पाकिटात घातलेले नाही.

रचाई झाल्यावर सव्वा टन दगड उरला आहे. चपटे, बसायला चांगले दगड आहेत, बागेच्या कडेला शोभतील. मंडळातल्या कोणाला हवे असतील तर समितीमार्फत निरोप द्यावा आणि घेऊन जावेत, पैसे नकोत. ट्रेलर मात्र आपला आणावा, आणि उचलायला दोन माणसे.